खिशातला छोटा कंप्युटर आणि ऐकून खेळायचे गेम : माझा अनुभव, आणि दोन प्रश्न

चौथी_सीट :

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणता दोन महिने गेले, आज सुट्टी म्हणून बसलोय. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

आधी माझ्याबद्दल. मी जन्मापासून पूर्ण अंध. राहतो डोंबिवलीला, नोकरी फोर्टात बँकेत, म्हणजे रोज जाऊन-येऊन अडीच तास लोकलमध्ये, आपल्या दिव्यांगांच्या डब्यात. मोबाइलवर टॉकबॅक आहे, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर, पुस्तकं ऐकतो, बातम्या ऐकतो, पण गेम खेळायचा म्हटलं की अडतंच. बहुतेक गेम चित्रांवरच उभे, टॉकबॅकला तिथे "बटण, बटण, लेबल नसलेलं बटण" यापलीकडे काही सापडत नाही.

कॉलेजात असताना एका मित्राने मला एक जुना गेम लावून दिला होता, कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर. विल क्राउदर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने १९७५-७६ च्या सुमारास लिहिला, तो स्वतः गुहांमधून फिरणारा माणूस, केंटकीतली मॅमथ केव्ह त्याने पालथी घातलेली, तीच गेममध्ये उतरवली, मग १९७७ मध्ये डॉन वुड्सने त्यात बरीच भर घातली. चित्र एकही नाही. कंप्युटर सांगतो की तुम्ही रस्त्याच्या टोकाला उभे आहात, समोर विटांची छोटी इमारत आहे, आणि तुम्ही टाइप करायचं, आत जा, दिवा घे, पूर्वेला जा. बस.

मित्र डोळस होता. शेजारी बसून खेळताना पहिल्याच तासात माझ्या लक्षात आलं की याला जेवढं कळतंय तेवढंच मलाही कळतंय, एक अक्षर कमी नाही. मला कुणी काही "समजावून" सांगत नव्हतं. त्यात एक भुलभुलैया आहे, सगळ्या वाटा हुबेहूब सारख्या, कुठल्या खोलीत उभे आहोत तेच समजत नाही. युक्ती अशी की हातातली एकेक वस्तू एकेका खोलीत टाकत जायचं, मग परत तिथे आलात की वस्तूवरून खोली ओळखू येते. मला हे मिनिटभरात सुचलं, कारण नव्या जागी गेलो की मी हेच करतो, इथे पायरी तुटलीय, इथे पंख्याचा आवाज, इथे चहाच्या टपरीचा वास. मित्र नंतर म्हणाला, यार तू यात माझ्या पुढे आहेस. गेम खेळताना हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तर तो गेम लोकलमध्ये खेळायचा होता, आणि लॅपटॉप उघडायला चौथ्या सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला टेकून, जागा नसते. म्हणून रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू नावाचा एका बोर्डाचा छोटा कंप्युटर घेतला. लॅमिंग्टन रोडला गेलो, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. बोर्ड ६५ मिलिमीटर लांब, ३० रुंद, च्युइंगमच्या पाकिटाएवढा म्हणा. रॅम ५१२ एमबी, शब्दांच्या गेमला ती भरपूर झाली, ज्या मशिनांवर हे गेम जन्मले त्यांच्याकडे याचा शंभरावा हिस्साही नव्हता. मला १७०० ला पडला, मेमरी कार्ड, युएसबीचं छोटं साउंड कार्ड, ते साउंड कार्ड जोडायला ओटीजी केबल आणि घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड धरून तीन-सव्वातीन हजारांत सगळं झालं. पॉवरबँक घरात होतीच.

बोटांनी बोर्ड ओळखायचा असेल तर असं करा. पोर्टांची बाजू स्वतःकडे, पोर्ट वरच्या अंगाला. डाव्या आखूड कडेला मेमरी कार्डाची खाच लागते. तुमच्याकडच्या लांब कडेवर डावीकडून पहिलं मोठं भोक मिनी एचडीएमआय, मग दोन छोटी सारखीच भोकं, त्यातलं मधलं डेटाचं आणि अगदी उजवीकडचं पॉवरचं. हे मला कुणी सांगितलं नाही, पहिले दोन दिवस मी साउंड कार्ड पॉवरच्या भोकात लावून आवाज का येत नाही म्हणून बसलो होतो.

कार्डावर रास्पबेरी पाय ओएस लाइट टाकली, डेस्कटॉप नसलेली. मॉनिटर लागत नाही, इमेजर नावाच्या प्रोग्रामने कार्ड लिहितानाच घरचं वायफाय, युजर-पासवर्ड आणि एसएसएच, म्हणजे दुसऱ्या कंप्युटरवरून हुकूम द्यायची सोय, भरून दिलं की पुढचं सगळं विंडोजवरून एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर लावून करता येतं. नंतर दुसरं वायफाय जोडायला मेनूवाला प्रोग्राम आहे पण तो स्क्रीनभर चौकटी काढतो, त्यापेक्षा एनएमसीएलआय वापरा, एका ओळीत हुकूम आणि एका ओळीत उत्तर.

बोलायला ईस्पीक-एनजी, स्क्रीनवरचं वाचायला फेनरिर, आणि गेम चालवायला फ्रॉट्झ. इथे एक महत्त्वाचं. साधा फ्रॉट्झ स्क्रीनच्या वरच्या ओळीत जागा आणि गुण सारखे रंगवत बसतो, स्क्रीनरीडर गोंधळतो, अर्धं वाक्य वाचून वर उडी मारतो. त्याच्याबरोबरच डी-फ्रॉट्झ येतो, तो टाइपरायटरसारखा ओळीखाली ओळ टाकतो, तोच घ्या. आणि चालू करताना "मोर" बंद करायचा पर्याय द्या, नाहीतर दर पानाला अडून बसतो आणि तुम्हाला वाटतं गेम संपला.

मशीन चालू झालं की नाही हे कळायला दिवा बघता येत नाही, म्हणून लॉगिन झाल्याबरोबर ते "तयार" म्हणतं एवढी एक ओळ टाकलीय. सगळं साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवलंय.

गाडीत एकाच कानात इअरफोन घालतो, दुसरा कान "पुढील स्टेशन" साठी मोकळा. मशीद स्टेशन गेलं की सेव्ह, आणि बंद.

आता प्रश्न. एक, मराठीत असे गेम आहेत का कुठे? मला सापडले नाहीत. दोन, उभं राहावं लागलं तर टाइप कसं करायचं? एक हात कडीला, काठी बगलेत, कीबोर्ड ठेवणार कुठे.


बंड्या_परळ :

दादा भारी लिहिलंयत. पण एक मनापासून विचारतो, हे सगळं मोबाइलवर होत नाही का? हेच गेम चालवणारी ॲप आहेत, ब्लूटूथ कीबोर्ड मोबाइललाही लागतो. तीन हजार वाचतील की.


चौथी_सीट :

होतं. आणि ज्याच्याकडे मोबाइल आणि कीबोर्ड आहे त्याने आधी तेच करून बघावं, उगाच खर्च नको.

मी वेगळं का घेतलं ते सांगतो. मोबाइलवर गेममध्ये शिरलो की व्हॉट्सॲप बोलतं, ओटीपी बोलतो, घरून फोन येतो, आणि प्रत्येक वेळी ऐकू येत असलेलं वाक्य तुटतं. डोळ्याने वाचणारा परत त्याच ओळीवर नजर टाकतो, आम्हाला ती ओळ शोधून परत ऐकावी लागते. दुसरं, मोबाइल म्हणजे माझा रस्ता, माझे पैसे, माझी रिक्षा, त्याची बॅटरी गेममध्ये संपली तर मी फोर्टात अडकलो. आणि खरं सांगू का, या डबीत दुसरं काहीच नाही. ती उघडली की मी फक्त गुहेत असतो. ती वेळ माझी असते.

आणि यात स्वतःचा गेम लिहिता येतो. त्याच मशिनवर, त्याच कीबोर्डने, गाडीत बसून.


लॅमिंग्टनचा_विन्या :

साहेब तुम्ही जे केलंय ते आमच्या दुकानात येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांना जमत नाही. थोडी भर घालतो.

झिरो घेताना पिना आधीच लावलेला घ्या, एच वाला. नुसत्या डब्ल्यूला चाळीस भोकं असतात आणि सोल्डरिंग तुम्हालाच करावं लागतं.

बंद करण्याबद्दल. सरळ पॉवर काढू नका, लिहिता लिहिता वीज गेली तर कार्डावरच्या फाइली बिघडतात, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. एक साधं दाबायचं बटण घ्या, पाच रुपयाचं, पिन ५ आणि पिन ६ च्या मध्ये लावा. ५ म्हणजे बोर्डाच्या भाषेत जीपीआयओ ३, ६ म्हणजे ग्राउंड. कॉन्फिगच्या फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउनच्या ओव्हरलेची ओळ टाका. एकदा दाबलं की नीट बंद होतो, आणि पॉवर लागलेली असेल तर बंद झाल्यावर तेच बटण दाबलं की परत उठतो. दोन्ही कामं एका बटणात. म्हणूनच पिना हव्यात.

पॉवरबँकचं एक लफडं लक्षात ठेवा. हा बोर्ड इतकी कमी वीज खातो की काही पॉवरबँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही आणि त्या आपोआप बंद होतात. माणूस म्हणतो बोर्ड खराब. दुकानात दहा मिनिटं चालवून बघून घ्या.

आवाज येत नसेल तर बहुतेक वेळा तो एचडीएमआयकडे जात असतो, जिथे कुणी ऐकायला नाही. साउंड कार्डाचा नंबर बघून डिफॉल्ट बदलायचा. आणि डबी स्टीलची नको, ब्लूटूथ अडतं. प्लॅस्टिकच बरोबर.


कोकणकन्या :

ब्लूटूथ इअरफोन चालतील का? माझ्या भावासाठी विचारतेय, त्याला वायर आवडत नाही.


चौथी_सीट :

चालतात पण मी सोडले. दोन वाक्यांच्या मध्ये शांतता झाली की बरेच इअरफोन झोपतात, मग पुढचं वाक्य सुरू होतं तेव्हा पहिला शब्द गिळला जातो. "उत्तरेला दार आहे" मधला "उत्तरेला" गेला तर उरलं काय? वायरचे साठ रुपयांचे बरे. भावाला हट्टच असेल तर वाक्याच्या आधी छोटा टिक आवाज लावून द्या, तो टिक गिळला जातो आणि वाक्य वाचतं.

विन्यादादा, बटणाचं आजच करतो. पॉवरबँकचं अगदी बरोबर, माझी जुनी बँक हेच करत होती! १०,००० एमएएचची आहे ती चालते, सोमवारी चार्ज केली की गुरुवार निघतो आरामात.


प्रभाकरकाका_मुलुंड :

नातीकडून लिहून घेतोय, मी बोलतोय ती टाइप करतेय.

माझं वय ६८. काचबिंदूने सात वर्षांत दोन्ही डोळे गेले. ब्रेल येत नाही, या वयात बोटांना ते उमगत नाही, प्रयत्न केला. मी गिरगावात छापखान्यात कंपोझिटर होतो, खिळे जुळवायचो. केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, कुठल्या घरात कुठलं अक्षर ते न बघता हात जायचा, आता डोळे गेल्यावर कळतंय की तेव्हाही मी डोळ्याने काम करतच नव्हतो.

वाचन हा माझा श्वास होता. ऐकायची पुस्तकं आहेत पण ती माझ्यासाठी थांबत नाहीत, मी झोपलो तरी पुढे जातात. तुम्ही लिहिलंत की हा खेळ तुमच्या शब्दाची वाट बघतो. ते मला फार लागलं. पण इंग्रजी माझं बेताचं. मराठीत असेल तर मी आजपासून तयार आहे. नसेल तर कुणीतरी करा हो.


अनघा_गिरगाव :

काका, नमस्कार. मी दृष्टिहीन मुलांना शिकवते, वीस वर्षं झाली. ब्रेल बोटांना उमगत नाही हे उशिरा दृष्टी गेलेले पुष्कळ जण सांगतात, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

आणि चौथी_सीट, तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट सुटलीय, राग नको. ऐकू येणंही सगळ्यांना नसतं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे तिला दिसत नाही आणि ऐकूही फार कमी येतं. या छोट्या बोर्डावर बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम चालतो, त्याने ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे टिंबं वर-खाली होणाऱ्या पट्टीवर, स्क्रीनवरची ओळ उठते. शब्दांचा गेम तिला बोटांनी वाचता येतो, चित्रांचा किंवा आवाजाचा गेम कुठल्याच वाटेने पोचत नाही. डिस्प्ले महाग असतात, शाळेत एकच आहे, पाळी लावून वापरतो. तिने त्यावर गेममधला कंदील पहिल्यांदा पेटवला आणि खोलीचं वर्णन बोटाखाली आलं तेव्हा ती माझा हात ओढून ओळ दाखवत होती.

टाइपिंगचं म्हणाल तर अक्षरांना सहा बटणं पुरतात. पर्किन्स ब्रेलर या ब्रेल टाइप करायच्या मशिनाची पद्धत, डाव्या हाताला टिंब १, २, ३, उजव्याला ४, ५, ६, एकदम दाबायची. आपल्या भाषांच्या भारती ब्रेलमध्ये क म्हणजे १ आणि ३, म म्हणजे १, ३, ४. विन्यादादांच्या त्या पिनांवर सहा बटणं लावली तर डबीच कीबोर्ड होईल.


लॅमिंग्टनचा_विन्या :

होईल ताई. सहा बटणं, एक ग्राउंड, पायथन भाषेत प्रोग्रामच्या वीस-तीस ओळी. पैसे नकोत, शाळेसाठी एक मी बनवून देतो. निरोप पाठवा.


साक्षी_रुईया :

हाय, मी कंप्युटर सायन्सला आहे. मराठी गेमवर दोन रात्री बसले त्याचं सांगते, कारण वाटतं त्यापेक्षा फार इंटरेस्टिंग निघालं.

इंग्रजी गेम सोपा का, तर पहिला शब्द क्रियापद, मग वस्तू. आणि वस्तूचं नाव बदलत नाही. आपल्याकडे "दिवा लाव", क्रियापद शेवटी. ते ठीक आहे, शेवटचा शब्द उचलायचा. पण नाव! दिवा, दिव्याला, दिव्यात, दिव्याखाली. माळा, माळ्यावर. दार, दाराला. किल्ली मात्र किल्लीच, किल्लीने. नुसतं "दिवा" शोधणारा प्रोग्राम "दिव्यात तेल घाल" म्हटलं की "असं काही इथे नाही" म्हणतो, आणि खेळणाऱ्याला वाटतं दिवाच नाही.

इन्फॉर्म म्हणून गेम लिहायची भाषा आहे, ग्रॅहम नेल्सनची, १९९३ पासूनची, तिच्यात मराठी व्याकरण बसवायचा प्रयत्न केला पण तिचा पिंडच इंग्रजीचा. म्हणून साधं पायथन घेतलं. प्रत्येक वस्तूची दोन रूपं लिहायची, मूळ आणि सामान्यरूप, दिवा आणि दिव्या. मग शेवटचे ला, त, ने, वर, खाली, तून तोडून बघायचं. शाळेत सामान्यरूप रटताना याचा उपयोग काय म्हणायचो, आज तेच आख्ख्या गेमचा कणा झालंय.


बंड्या_परळ :

एवढं कशाला, सरळ पर्याय द्या ना. १ म्हणजे दार उघड, २ म्हणजे खिडकीत जा. मग नुसता नंबरपॅड पुरे, सतरा कळांचा मिळतो, दोन-तीनशे रुपये. एका हातात मावतो. ५ वर उंचवटा असतो, अंगठा तिथे ठेवला की बाकीचे आकडे सापडतात. दादांचा उभं राहायचा प्रश्नही सुटला.


साक्षी_रुईया :

नंबरपॅडची आयडिया एकदम मस्त. पण पर्याय दाखवले की शोधायचं काय उरलं? "पेटी हलव" हे मला सुचलं पाहिजे. तीन पर्यायांत ते छापलेलं असेल तर मी नुसती उत्तरपत्रिका भरतेय.


चौथी_सीट :

दोघांचं पटतंय. साक्षी म्हणते ते तर माझ्यासाठी गेमचं काळीजच आहे, मित्राच्या आधी मला भुलभुलैयाची युक्ती सुचली कारण ती कुठे लिहिलेली नव्हती. पण गर्दीत उभं असताना सुचलेलं टाइप करता येत नसेल तर काय उपयोग.

मी असं करून बघतोय. चालणं-फिरणं आकड्यांवर. ८ उत्तर, २ दक्षिण, ४ पश्चिम, ६ पूर्व, ५ म्हणजे "आजूबाजूला काय आहे ते परत सांग". शून्य दाबलं की सेव्ह. आणि काही करायचं असेल, उघडायचं, हलवायचं, तेव्हाच शब्द. म्हणजे उभं असताना फिरायचं, विचार करायचा, आणि ठाण्याला जागा मिळाली की टाइप करायचं.

साक्षी, तुझा सामान्यरूपवाला भाग देशील का?


साक्षी_रुईया :

पाठवलाय दादा. खांबचं खांबा टाकायचं राहिलंय, बघून घ्या.


चौथी_सीट :

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, झालाय. छोटा आहे, अकरा जागा, अर्ध्या तासाचा. चाळीतली रात्र, लाइट गेलीय, आजी म्हणतेय माळ्यावरच्या पेटीत जुना कंदील आहे तो आण. माझ्या आजोळच्या चाळीवरून घेतलंय, लांब गॅलरी, टोकाला नळ, जिन्याची तिसरी पायरी वाजते. मी लहान असताना लाइट गेली की सगळी चाळ माझ्यामागे यायची, कारण मला अंधारात फरक पडायचा नाही. तेच लिहिलंय.

ओळी थेट ईस्पीकच्या मराठी आवाजाला देतो, मध्ये फेनरिर घेतलाच नाही, कारण टर्मिनलवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या स्क्रीनवर, देवनागरी नीट उमटत नाही, चौकोन चौकोन येतात. कानाला त्याने काही बिघडत नाही. टायपिंगला इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा कीबोर्ड तक्ता, तो प्रोग्राममध्येच बसवलाय, इंग्रजी कीबोर्डवरची ओ-एफ-बी-ई दाबलं की "दिवा" होतं, आणि प्रत्येक कळ दाबल्यावर अक्षर बोलतं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, एकदा बसलं की हात आपोआप जातो.

एकदा मेट्रो स्टेशनवर सामानाच्या तपासणीत डबी काढायला सांगितली, वायर दिसल्या असतील. मी चालू करून इअरफोन त्या भाऊंच्या कानाला दिला. "तुम्ही गॅलरीत उभे आहात. नळ ठिबकतोय." ते म्हणाले, मग? मी म्हटलं, मग तुम्ही सांगा काय करायचं. मागची लाइन थांबली होती म्हणून सोडलं, पण पुढच्या आठवड्यात त्यांनीच विचारलं पेटी सापडली का. आता डबीवर ठळक अक्षरात "बोलका गेम" असं लेबल लावून घेतलंय, तुम्हीही लावा, गर्दीच्या ठिकाणी उघड्या वायरी घेऊन फिरू नका.


अनघा_गिरगाव :

वर्गात खेळवला. विन्यादादांची सहा बटणांची डबीही आली, मुलांनी पहिल्या दिवशी एक बटण तोडलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन बसवून दिलं. ज्यांना एनव्हीडीए किंवा कीबोर्ड शिकायचाय त्यांनी झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र एक्सआरसीव्हीसी, २००३ पासून आहे, किंवा वरळीची नॅब ही अंधांसाठीची संस्था, तिथे चौकशी करा. सगळं एकट्याने करायचा हट्ट नको.

एक सूचना. आजीचं बोलणं आणि खोलीचं वर्णन एकाच आवाजात येतं, मुलांना कोण बोलतंय कळत नाही. आजीचा स्वर जरा चढवता आला तर बघा.


चौथी_सीट :

हो ताई, पिच वेगळा देता येतो. आज रात्री करतो.


प्रभाकरकाका_मुलुंड :

आज मी स्वतः टाइप करतोय. नातीने फक्त चुका बघितल्या.

विनय दुकानातून घरी येऊन सगळं लावून गेला, चहाशिवाय काही घेतलं नाही. इन्स्क्रिप्टचा तक्ता मला दोन दिवसांत आला, ती केसच आहे, फक्त घरं कमी. रोज सकाळी तासभर बसतो.

दोन चुका सांगतो. "चमचा" आणि "चहा" हे दोन्ही एकाच च ने बोलतो. लिहिताना आपण एकच च लिहितो, बिचाऱ्या यंत्राने ओळखावं कसं, पण कानाला टोचतं. दुसरं, "खांबाला" लिहिलं की खांब नाही म्हणतो.


चौथी_सीट :

काका!! तुम्ही स्वतः टाइप केलंत!

खांबाचं आत्ता दुरुस्त केलं, साक्षीने बजावलं होतं, माझ्याकडूनच राहिलं. चमच्यासाठी बोलताना वेगळा उच्चार लिहून देता येतो, असे शब्द तुम्हाला सापडतील तसे सांगत जा, मी यादी करतो. तुमच्यापेक्षा चांगला मुद्रितशोधक मला कुठे मिळणार.


प्रभाकरकाका_मुलुंड :

यादी करतो. आतापर्यंत सात झाले.

माळ्यावर पोचलो, पेटी सापडली, पण कुलूप आहे. किल्ली कुठे ते सांगू नका. फक्त घरात आहे की गॅलरीत एवढंच सांगा.


चौथी_सीट :

गॅलरीत.